घरातील टेरियर आणि खर्चाची वही

ग्रामोफोनच्या तबकडीवरील एक चित्र जुन्या मराठी घरांना चांगलेच परिचयाचे आहे. कर्ण्यासमोर मान किंचित कलती करून बसलेला, धन्याचा आवाज कान देऊन ऐकणारा तो पांढरा कुत्रा! त्याचे नाव निपर. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरात 1884 साली जन्मलेला तो मिश्र रक्ताचा टेरियर होता. फ्रान्सिस बॅरॉ नावाच्या चित्रकाराने त्याचे चित्र काढले, 1899 साली ते ग्रामोफोन कंपनीने विकत घेतले, आणि मग बालगंधर्वांच्या पदांपासून भावगीतांपर्यंत कित्येक तबकड्यांबरोबर हा टेरियर आपल्या माजघरात येऊन बसला. त्या निपरला खर्च काहीच नव्हता. तो कागदावरचा कुत्रा होता आणि त्याचे केसही आखूड होते. परंतु अलीकडे लांब, रेशमी केसांचे जिवंत टेरियर लहान गावांतील घरांतही दिसू लागले आहेत. त्यांचे केस वाढतात, गुंततात, कापावे लागतात, आणि त्या कापण्याला पैसे पडतात. आजचा विषय तो पैसा आणि त्याचा हिशेब हा आहे. विषय वरकरणी चैनीचा वाटेल. तथापि त्यात एका मुक्या जिवाचे सुख आणि एका मर्यादित मिळकतीच्या घराची अब्रू, अशा दोन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

बैहरमधील एका घराची कल्पना करावी. बैहर हे बालाघाट जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. बालाघाटाहून निघालेला रस्ता घाट चढून पठारावर येतो, आणि मग दोन्ही बाजूंना सालाची झाडे सुरू होतात. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार याच बाजूला आहे. गोंड आणि बैगा लोकांची ही भूमी. बाजारात कोदो, कुटकी, मोहफुले यांचा व्यवहार. अशा गावात पोस्टखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांची पत्नी राहतात. निवृत्तिवेतनावर संसार चालतो. त्यांची एकुलती मुलगी पुण्यास नोकरीला. कंपनीने तिला दोन वर्षांसाठी परदेशी पाठविले, आणि जाताना तिने आपला लाडका यॉर्कशायर टेरियर आईवडिलांच्या स्वाधीन केला. वजन जेमतेम तीन किलो, नाव टिल्लू. "बाबा, महिन्या-दीड महिन्यानं त्याचे केस कापून घ्यायचे, बरं का!" एवढे सांगून मुलगी विमानात बसली. कोठे कापायचे आणि किती पैशांत, हे तिने सांगितले नाही. आणि वडिलांनी विचारले नाही. मुलीकडे पैशांचा विषय काढणे वडिलांच्या स्वभावात नव्हते.

येथे प्रथम एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. सर्वच कुत्र्यांच्या केसांची रीत एकसारखी नसते. आपल्या दक्षिण महाराष्ट्रातील व मराठवाड्यातील कारवानी कुत्रा घ्या, किंवा कर्नाटकाच्या सीमेवरील मुधोळचा शिकारी कुत्रा घ्या. त्यांची कातडी घट्ट, केस आखूड व गुळगुळीत. ओल्या फडक्याने पुसले आणि मधूनमधून ब्रश फिरविला की काम झाले. गावातील साध्या कुत्र्याचेही तसेच. टेरियर कुळात मात्र तीन प्रकार आढळतात. काहींचे केस निपरसारखे आखूड. काहींचे तारेसारखे राठ. त्यांचे मेलेले केस कात्रीने न कापता चिमटीने उपटून काढावे लागतात, कारण यंत्राने वारंवार कापल्यास त्यांचा राठपणा जाऊन ते मऊ पडतात. आणि तिसरा प्रकार यॉर्कशायरसारखा रेशमी केसांचा. या केसांना माणसाच्या केसांची उपमा शोभते. त्यांच्याखाली लोकरीसारखा दुसरा थर नसतो, ते फारसे गळत नाहीत, आणि म्हणूनच ते सतत वाढत राहतात. वाढले की गुंततात, गुंतले की त्यांच्या जटा होतात. तेव्हा अशा कुत्र्याच्या बाबतीत केस कापणे हा शृंगार नसून नित्याची निकड आहे. हे ज्याला पटले नाही त्याच्या वहीत या खर्चाला जागाच मिळणार नाही.

या जातीचा इतिहासही मोठा बोधप्रद आहे. टेरियर या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील 'टेरा' म्हणजे भूमी या शब्दात आहे. भूमीत, म्हणजे बिळात शिरून उंदीर, कोल्हे, बिज्जू यांना बाहेर काढणारा तो टेरियर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडातील कामकरी लोक पोटासाठी इंग्लंडातील यॉर्कशायरच्या गिरण्यांत आले, त्यांच्याबरोबर त्यांची लहान कुत्री आली, आणि तेथील कुत्र्यांशी संकर होऊन ही जात सिद्ध झाली. गिरणीतील उंदीर मारणे हे तिचे काम होते. आज श्रीमंतांच्या मांडीवर मिरविणारा हा कुत्रा मुळात गिरणी-कामगारांच्या बिऱ्हाडातला आहे. गरिबाच्या घरी त्याने राहू नये असा कोणताही नियम नाही. मात्र त्याच्या रक्तातील खोड गेलेली नाही. टिल्लूनेही बैहरला येताच परसातील घुशीचे बीळ शोधून काढले आणि नाकापासून शेपटीपर्यंत मातीत लोळून तो घरात आला. पोस्टमास्तर हसले. त्यांच्या पत्नीने मात्र त्याच्या पोटाखालचे चिखलाने चिकटलेले केस पाहिले आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

पहिल्या वेळी उभयतां त्याला घेऊन नागपूरला गेली. बालाघाट जिल्ह्यातील माणसाला नागपूर परके नाही. 1956 पर्यंत नागपूर हीच जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती, आणि राज्याची सीमा बदलली तरी दवाखाने, शिक्षण, सोयरिकी यांच्या वाटा त्याच राहिल्या. परंतु बैहर ते नागपूर हे अंतर दोनशे किलोमीटरांहून अधिक आहे. बैहरला रेल्वे नाही. पुढे रेल्वे मिळाली तरी तिचा नियम असा की वातानुकूलित पहिल्या वर्गातील संपूर्ण कूपे आपल्यासाठी राखून घेतला तरच कुत्रा जवळ ठेवता येतो. नाहीतर त्याला गार्डाच्या डब्यातील पेटीत जावे लागते. तीन किलोच्या जिवाला उन्हाळ्यात त्या पेटीत घालण्यास कोणाचे मन धजेल? म्हणून मोटार भाड्याने केली. शहरात ज्याला 'ग्रूमिंग' म्हणतात ते सारे झाले. आंघोळ, केस वाळविणे, विंचरणे, कापणे, नखे, कान. टिल्लू नव्या नाण्यासारखा चकचकीत दिसू लागला. परत येताना गाडीत कोणी बोलले नाही. त्या दिवसाचा एकूण खर्च हा घरातील आठ-दहा दिवसांच्या किराण्याहून अधिक झाला होता. पोस्टमास्तर एवढेच म्हणाले, "पुढच्या वेळी बघू." ही 'पुढची वेळ' मग पावसाळा संपेपर्यंत आली नाही.

बैहरचा पाऊस दणकट असतो आणि हवा आठवडेच्या आठवडे ओली राहते. लांब केसांचा कुत्रा या दिवसांत नीट वाळत नाही. पाऊस उघडला की गवत कमरेइतके होते, त्याला कुसळे येतात, आघाड्याची बोंडे अंगाला चिकटतात. हे कुसळ पायाच्या बोटांमध्ये किंवा कानात शिरले तर पुढे पुढेच सरकत जाते आणि गळू होते. टिल्लूच्या काखेत, कानांमागे आणि मागच्या मांड्यांवर जटा झाल्या. वरून ते केस जाड आणि उबदार दिसत. आतली कातडी मात्र ताणली जाऊन लाल झाली होती. आणि त्या जटांच्या आडोशाला गोचिडांनी घर केले. एके दिवशी कुत्रा उठेना. अंग तापलेले, हिरड्या फिक्या, अन्नावर वासना नाही.

अशा वेळी शेजारधर्म धावून येतो, पण तो नेहमीच हितकर असतो असे नाही. शेजारच्या घरी गुरे होती. तेथून गुरांच्या गोचिडांवरचे औषध आले. "थोडंसं अंगावर चोळा, संध्याकाळपर्यंत गोचीड साफ होतील," असा सल्लाही आला. बाईंनी बाटली हातात घेतली, तिच्यावरची अक्षरे वाचली, आणि बाटली खाली ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, हे चारशे किलोच्या म्हशीचं औषध. याचं वजन तीन किलो. अंदाज चुकला तर?" हा प्रश्न त्यांनी विचारला म्हणून टिल्लू वाचला, असे म्हणण्यास हरकत नाही. गोचिडांची औषधे ही विषेच असतात. ती वजनाच्या प्रमाणात आणि त्या त्या प्राण्यासाठीच वापरावयाची असतात. गुरांसाठी बनविलेले दाट द्रावण अंदाजाने लहान कुत्र्याला लावल्यास त्याला झटके येऊ शकतात, तो दगावूही शकतो. कुत्र्यांसाठी असलेली परमेथ्रिनयुक्त औषधे मांजराला घातक ठरतात, हेही मांजर पाळणाऱ्या घरांनी ध्यानात ठेवले पाहिजे.

शासकीय पशुवैद्यकांनी टिल्लूला तपासले. गोचिडांतून रक्तात शिरणारे जंतू दोन प्रकारचे फार त्रास देतात. एकाला अर्लिकिया म्हणतात, दुसऱ्याला बबेसिया. पहिल्यात रक्त गोठविणाऱ्या बिंबिका कमी होतात, दुसऱ्यात रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि हिरड्या पांढुरक्या पडतात. रक्ततपासणी झाली, औषध सुरू झाले. पहिल्या रोगाचे औषध सुमारे चार आठवडे नेमाने द्यावे लागते. आणि जटांचे काय? त्या सोडविण्यापलीकडे गेल्या होत्या. यंत्र लावून साऱ्या अंगावरचे केस काढून टाकले. केस गेल्यावर समोर उभा राहिला तो एक थरथरणारा, हडकुळा, ठिकठिकाणी लाल चट्टे पडलेला जीव. पोस्टमास्तर बाहेर ओटीवर जाऊन बसले. बाई आत आल्या आणि म्हणाल्या, "पैसे वाचवले असं वाटलं होतं ना आपल्याला?"

त्या रात्री घरात एक कठीण प्रश्न निघाला. टिल्लूला कोणाकडे तरी देऊन टाकावे काय? एका शेतमळ्यावर त्याला ठेवून घेण्यास कोणी तयार होते. परंतु जंगलाकाठच्या मळ्यावर रात्री मोकळ्या कुत्र्याचे काय होते हे बैहरच्या माणसाला सांगावे लागत नाही. बिबट्याला कुत्रा म्हणजे सोपे भक्ष्य. पोस्टमास्तरांनी विषय तेथेच मिटविला. "पोरीनं विश्वासानं ठेवलंय. त्याचं वजन तीन किलो असलं तरी विश्वासाचं वजन मोठं आहे," असे ते म्हणाले. मग बाईंनी घरखर्चाची वही काढली आणि कोरे पान उघडले.

येथून पुढे जे सांगावयाचे आहे ते कोणत्याही घराला उपयोगी पडावे. या हिशेबातील आकडे केवळ रीत समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून ते बदलून घ्यावेत.

बाईंनी प्रथम मुलीने सांगितलेल्या रीतीने हिशेब मांडला. दर सहा आठवड्यांनी नागपूर म्हणजे वर्षाला साधारण 9 फेऱ्या. ग्रूमरचे 1,500 आणि प्रवासाचे 2,000 मिळून एका फेरीला 3,500 रुपये. नऊ फेऱ्यांचे झाले 31,500. म्हणजे महिन्याला 2,625 रुपये, आणि तेही केवळ केसांचे! यात लस नाही, गोचिडांचे औषध नाही, आजारपण नाही. हा आकडा पाहून सामान्य मनुष्य दोनांपैकी एक गोष्ट करतो. एक तर कर्ज काढून हौस चालवितो, किंवा खर्च अजिबात बंद करून जनावराचे हाल करतो. पहिल्या वर्षी या घराने दुसरी वाट धरली होती. वस्तुतः तिसरी वाट असते, आणि ती खर्चाचे भाग पाडल्यानेच दिसते.

पैशाने विकत घ्यावयाचे काम कोणते आणि हातांनी करावयाचे काम कोणते, हे बाईंनी वेगळे केले. रोज दहा मिनिटे ब्रश आणि धातूची फणी फिरविणे हे घरचे काम. त्यातही क्रम महत्त्वाचा आहे. आधी विंचरावे आणि मग आंघोळ घालावी, कारण गुंता ओला झाला की तो अधिक घट्ट बसतो. केस वरवर न विंचरता पदर उलटावेत तसे थराथराने, कातडीपर्यंत विंचरावेत. विंचरताना बोटांनी गोचीड शोधावेत: कानांत, मानेखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यांत. आंघोळ दोन-तीन आठवड्यांनी, कोमट पाण्याने आणि कुत्र्यासाठीच्या शांपूने. माणसाचा साबण त्याच्या कातडीला मानवत नाही. आंघोळीनंतर केस मुळापर्यंत वाळवावेत. ओल्या केसांत बुरशी धरते. डोळ्यांवर येणारे, पायांच्या गादीमधले आणि शेपटीखालचे केस बोथट टोकाच्या कात्रीने घरी कापता येतात. नखांच्या आत जिवंत भाग असतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, काळ्या नखात दिसत नाही. म्हणून काळे नख अगदी थोडे थोडे कापावे, आणि हात कापत असेल तर ते काम पशुवैद्यकांकडेच सोपवावे. लहान जातींच्या कुत्र्यांच्या दातांवर लवकर किटण चढते, तेव्हा दातही घासावेत. परंतु माणसाचे मंजन किंवा पेस्ट त्याला वापरू नये, कारण तो चूळ न भरता ती गिळून टाकतो.

एवढे घरी झाले की व्यावसायिकाकडे उरते ते मुख्य कापणीचे काम. तेथेही बाईंनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. जमिनीपर्यंत लोळणारे केस हे प्रदर्शनातील कुत्र्याचे भूषण. बैहरच्या मातीत आणि कुसळांत ते टिल्लूला शिक्षाच आहेत. तेव्हा पिल्लासारखी सरसकट आखूड, बोटभर लांबीची कापणी करवून घ्यावयाची. ती अधिक काळ टिकते आणि घरच्या फणीने सांभाळता येते. अशा वर्षात तीनच फेऱ्या ठरल्या. एक मार्चात, उन्हाळ्यापूर्वी. दुसरी जूनच्या आरंभी, पावसापूर्वी. तिसरी ऑक्टोबरात, कुसळांचा हंगाम पाहून. त्यानंतर पठारावर थंडी कडक पडते, तेव्हा केस वाढू द्यावेत हेच बरे. उन्हाळ्यातही कातडीपर्यंत साफ तासू नये. केस कातडीचे उन्हापासून रक्षण करतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

या तीन फेऱ्या पोस्टमास्तरांच्या डोळ्यांच्या तपासणीच्या तारखांशी जोडून घेतल्या. नागपूरला जाणे तसेही होतेच. कुत्र्यामुळे वाढणारा खर्च तेवढा त्याच्या नावावर, असा न्याय लावला. ग्रूमरचे 4,500 आणि प्रवासाचे जादा 1,500 मिळून केसांचे वर्षाला 6,000 झाले. ब्रश, फणी, कात्री, नखे कापण्याचे साधन यांचे 1,300. ती पाच वर्षे टिकतील असे धरले तर वर्षाला 260. शांपूचे 800. गोचिडांचे, पशुवैद्यकांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेले औषध महिन्याला 300, म्हणजे वर्षाला 3,600. लसींचे 1,500. एकूण बेरीज 12,160. तीत आजारपणासाठी 2,240 रुपयांची गंगाजळी मिळविली आणि आकडा 14,400 वर आणून सोडला. महिन्याला बरोबर 1,200 रुपये. नुसत्या केसांसाठी जेथे 2,625 लागत होते, तेथे साऱ्या कुत्र्याचा औषधपाणी-केसांचा खर्च त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत बसला. अन्नाचा खर्च घरच्या खर्चात आधीपासून होताच.

परंतु या वहीतील खरे शहाणपण बेरजेत नसून क्रमात आहे. महिन्याच्या 1,200 मधून पहिले 425 रुपये लस आणि गोचिडांचे औषध यांसाठी बाजूला निघतात. त्यानंतर घरच्या साधनांचे आणि गंगाजळीचे. केसकापणीचे 500 सर्वांत शेवटी. एखाद्या महिन्यात ओढाताण झाली तर कात्री थांबेल, पण लस थांबणार नाही. हा क्रम बैहरसारख्या ठिकाणी तर अधिकच आवश्यक आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रेबीज एकदा लक्षणे दिसू लागली की बहुधा प्राण घेतोच. 1885 साली लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या मुलाला त्यावरची लस टोचली, तेव्हापासून बचावाचा मार्ग माणसाच्या हाती आहे. तो न वापरणे हा अक्षम्य आळस होय. दुसरा रोग कॅनाइन डिस्टेंपर. तो कुत्र्यांपासून रानातील मोठ्या मांजरकुळालाही होतो. आफ्रिकेतील सेरेंगेटीत 1994 साली या रोगाने सुमारे एक हजार सिंह मेले. आपल्याकडे गीरच्या जंगलात 2018 साली वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा याच विषाणूचा शोध लागला. वाघही त्यापासून सुरक्षित नाही. कान्हा हे 1973 सालापासून व्याघ्रप्रकल्पाचे क्षेत्र आहे. त्याच्या काठावर राहणाऱ्या घरातील तीन किलोच्या टेरियरला टोचलेली लस ही त्या घरापुरती बाब राहत नाही, ती वाघापर्यंत पोहोचते.

ग्रूमरकडे जाण्यापूर्वी काय विचारावे, याचीही नोंद बाईंनी केली. सांगितलेल्या रकमेत आंघोळ, नखे, कान हे सारे येते काय? जटा सोडविण्याचे वेगळे पैसे पडतात काय? ते बहुधा पडतात, आणि रोजच्या दहा मिनिटांच्या विंचरणीची खरी किंमत तेथेच कळते. दुसऱ्या कुत्र्यांच्या लसींची विचारपूस होते काय? गरम हवेच्या यंत्रापुढे कुत्र्याला एकटे सोडून तर जात नाहीत ना? गुंगीचे औषध पशुवैद्यकाशिवाय देत नाहीत ना? या प्रश्नांची उत्तरे सरळ मिळाली नाहीत तर स्वस्त दुकानही महाग पडते. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय 1958 सालचे आणि जबलपूरचे 1948 सालचे. बालाघाट जिल्हा या दोन्ही शहरांच्या मध्ये आहे. अवघड दुखण्यासाठी त्या संस्थांचा आधार घेता येतो, आणि तातडीच्या वेळी फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी 1962 हा दूरध्वनी क्रमांक आहे. हे दोन पत्ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावेत.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या मुलखात पुष्कळ माणसांना पोटभर अन्नासाठी रानोमाळ हिंडावे लागते, तेथे कुत्र्याच्या केसांवर पैसा खर्च करणे न्याय्य आहे काय? हा प्रश्न पोस्टमास्तरांनाही पडला होता. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणाचा जो अधिकृत ग्रंथ 1992 साली प्रसिद्ध झाला, त्याच्या 2418 व्या परिच्छेदात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या आहेत. प्राण्यांना निष्कारण यातना देणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी लागावयास हवा तो प्राण्यांवर उधळणे हेही शोभत नाही. आपल्या परंपरेचे म्हणणे याहून निराळे नाही. भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकत आलो. स्वर्गाच्या दारात कुत्र्याला सोडून आत जाण्यास नकार देणारा युधिष्ठिरही आपलाच. परंतु नामदेवांनी त्या कुत्र्याला कोरडी भाकरी बाधू नये म्हणून तूप दिले. त्याला दागिने घातले नाहीत. गरज आणि थाट यांच्यातील रेषा या कथेत किती सहज ओढलेली आहे!

कायदाही गरजेचीच बाजू घेतो. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा अधिनियम असे सांगतो की ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या सुखरूपतेसाठी वाजवी उपाय योजले पाहिजेत आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ देता कामा नये. जटांखाली सोललेली कातडी ही अशीच अनावश्यक वेदना होय. ती टाळण्यापुरता खर्च हे कर्तव्य. सुगंधी फवारे, रंगीत फिती, वाढदिवसाची छायाचित्रे हा थाट. पोस्टमास्तरांच्या वहीत पहिल्याला रकाना आहे, दुसऱ्याला नाही. आणि त्याच पानाच्या तळाशी बाईंनी आणखी एक लहानशी रक्कम मांडली आहे: घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईंच्या मुलाच्या वह्या-पुस्तकांची. "कुत्र्यासाठी महिन्याला बाराशे काढता येतात, तर याच्यासाठी शंभर काढता येणार नाहीत का?" असे त्या म्हणाल्या. वहीने कुत्र्याची सोय केली, आणि जाता जाता घराच्या मनाचीही तपासणी केली.

कुत्रा घेण्याच्या विचारात असलेल्यांनी यावरून एक गोष्ट उचलावी. पिलू विकत घेताना सांगितली जाते ती एकदाची किंमत असते. खरी किंमत पुढे बारा-पंधरा वर्षे दरमहा द्यावी लागते. 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू विकता येत नाही. त्या आठ आठवड्यांत घेणाऱ्यानेही आपली वही तपासून पाहावी. महिन्याची रक्कम बसत नसेल, किंवा रोजची दहा मिनिटे सापडत नसतील, तर आखूड केसांचा आपला गावठी कुत्रा घरी आणावा. तो प्रेमात तसूभरही उणा ठरत नाही, आणि त्याला केवळ ब्रश पुरतो.

टिल्लूचे केस डिसेंबरापर्यंत बोटभर वाढले. थंडीच्या एका सकाळी मुलीचा दूरध्वनी आला, पडद्यावर तिने कुत्र्याला पाहिले आणि म्हणाली, "अगं आई, हा इतका आखूड कसा? ओळखू येत नाहीये!" आईने सारी हकीकत सांगितली, लपविले काहीच नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मुलगी म्हणाली, "बाबा, मीच विचारायला हवं होतं. आता दरमहा निम्मे पैसे माझे." पोस्टमास्तर नको म्हणणार होते. पण बाईंनी वही त्यांच्यापुढे सरकविली, जमेच्या बाजूला बोट ठेवले, आणि त्यांनी मुकाट्याने तेथे मुलीचे नाव आणि 600 रुपये असे लिहिले. टिल्लू तोवर परसात घुशीच्या बिळाशी माती उकरीत होता. बाईंनी खुंटीवरची फणी काढली आणि त्याला हाक मारली.